तीन दोनदा वाजले

आज चौथी रात्र.
बदलीचा ऑपरेटर कुंडलिक वाव्हळे
बहिणीच्या लग्नाला गेला तो अजून हळदीतच आहे.
मी इथं, मानवत रोडच्या अलीकडं,
तेहेतीस केव्हीच्या तारकुंपणात.
ट्रान्सफॉर्मरची घूं घूं, पॅनेलवर चार लाल दिवे,
आणि दर तासाला लॉगबुकात लिहायची एक ओळ.

लिहिणं सोपं आहे.
फीडर, अँपिअर, तेलाचं तापमान, सही.
तास ओळखणं अवघड.

पहिल्या रात्री तास तासाएवढाच होता.
दुसऱ्या रात्री सैल पडला,
नाडी निघालेल्या लेंग्यासारखा,
एका हातानं धरून चालावं लागलं.
तिसऱ्या रात्री दोन वाजता मी मान खाली घातली,
प्लॉटवर पाया खोदला, भिंती उचलल्या, स्लॅब टाकला,
एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं,
मिस्त्रीशी हिशोबावरून भांडलो, मिटवलं,
मान वर केली
तर दोन वाजून एक मिनिट.

मग नुसती पापणी लवली
आणि पावणेचारची मालगाडी निघून गेली होती.

बोरगावचा फीडर ट्रिप झाला तेव्हा फोन आला, शेषेराव.
"सर, लाइट कवा येऊ लाली? हरभऱ्यात उभा हाव."
म्हणलं, लाइनमन गेलाय, दहा मिनिटं.
पुन्हा फोन.
"सर, तास झाला की."
भिंतीवर बघितलं तर चारच मिनिटं झालेली.
त्याला खोटं कसं म्हणू?
तो थंडीनं उभा होता, मी खुर्चीत बसून उभा होतो,
आणि भिंतीवरचं घड्याळ
आमच्या दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

ब्रीदरमधली सिलिका जेल
ओल पिऊन पिऊन निळ्याची गुलाबी होते.
मग ती बदलायची असते.
डोळ्यांसाठी तसं काही स्टोअरमध्ये येत नाही.

दिवसा घरी झोपायचं तर
शेजारी पिठाची गिरणी, समोर कुणाचं तरी डोहाळजेवण.
राजश्री पोरांना दटावते, हळू, पप्पा झोपलेत.
पप्पा झोपलेले नसतात.
पप्पा सगळं ऐकत असतात, फक्त उशिरा,
विहिरीत टाकलेल्या खड्यासारखं,
आवाज येईपर्यंत टाकणारा निघून गेलेला.

परवा, मुक्ता म्हणाली. पप्पा, परवाचं गॅदरिंग.
एवढंच ऐकू आलं.
झालं, की व्हायचंय?

काय भाषा आहे आपली.
परवा मागंही जातो, पुढंही जातो,
मधी आज नावाचा एक दिवस उभा,
त्याला दोन्हीकडून धक्के.
हा शब्द घडवणारा माणूस
नक्की रातपाळीला असणार.

विचारायची छाती झाली नाही.
झालं असेल तर मी नव्हतो हे कळेल,
व्हायचं असेल तर मी विसरलो हे.
दप्तर उचलून ती गेली.
सकाळी गेली, की काल सकाळी?

साहेब आले, जीप लावली, पानं उलटली.
"काय हो, तीन दोनदा वाजले काय तुमच्याकडं?"
बघितलं. खरंच दोन ओळी.
दोन्हींत तीन वाजलेले, दोन्ही खाली माझीच सही.
पहिल्या ओळीत बेचाळीस डिग्री.
दुसऱ्या ओळीत, तेलाच्या तापमानाच्या रकान्यात,
माझ्या अक्षरात, रेषेवर नीट बसवलेलं:
गुलाबी फ्रॉक, मागच्या रांगेत, डावीकडून दुसरी.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
काही बोलले नाहीत. लाल पेनानं काट मारली,
बाजूला बारीक सही केली,
आणि जाता जाता म्हणाले, वाव्हळेला फोन लावतो.

म्हणजे मी बघितलंय तिला.
जागेपणी की कसं ते सांगता येत नाही,
पण हात वर करताना ती एक ठेका चुकली
आणि शेजारणीकडं बघून हसली, हे मला माहीत आहे.
तिसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या तासात
मी खुर्चीवर बसून होतो, पहिल्या रांगेत,
पायात उपकेंद्राचे रबरी बूट.

आता किती वाजलेत?
कुंपणाबाहेर ज्वारीत पिंगळा बोलला, मग नाही बोलला.
मीटरचा काटा थरथरतो तेवढाच.
पेनाची शाई संपत आलीय,
आकडा उमटला तर उमटला.
पाच लिहितो.